रोही कुठल्या राज्याचा?

हरभऱ्याचे घाटे भरायला लागले की आमच्या पिंगळीच्या शिवारात रात्रीची झोप ही चैनीची वस्तू होते. गेल्या जानेवारीत आबांबरोबर, म्हणजे माझ्या चुलत्यांबरोबर, मी दोन रात्री जागलीला गेलो होतो. शेताला चहूबाजूंनी जुन्या साड्या बांधलेल्या. चुलतीचा लग्नातला शालू तेवढा वाचलेला, बाकी सगळं कपाट धुऱ्यावर आलेलं. साड्यांच्या आत झटका मशीनची तार, तिची अखंड टिकटिक, आणि मधूनच परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीचा आवाज.

दोनच्या सुमाराला रोही आला. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे तिला गाय कुणी म्हणत नाही. आबांनी बॅटरी मारली तर काळसर निळा नर, घोड्याएवढा उंच, गळ्याखाली केसांचा गोंडा, खुरांच्या वर पांढऱ्या बांगड्या भरल्यासारखे पट्टे. तो हरभऱ्यात उभा होता. त्यानं उजेडाकडे पाहिलं, मान खाली घातली आणि पुन्हा घाटे ओरबाडायला लागला. आबांनी डबा वाजवला. तो चार पावलं सरकला आणि तिथं खायला लागला.

तेवढ्यात फोन वाजला. माझा भाचा अमेरिकेत, कोलोराडो राज्यातल्या डेन्व्हरला असतो. तिकडे दुपारचे दीड वाजले होते, जेवणाची सुट्टी. त्याच्या हपिसातले दोघं-तिघं म्हणे आठवडाभर एकाच गोष्टीवर वाद घालत होते: यंदा एल्कच्या शिकारीला कुठल्या राज्यात जायचं? कुठं परवाना सोडतीत निघतो, कुठं सरळ गल्ल्यावर मिळतो, कुठं किती गर्दी, सगळा तक्ता करून ठेवलेला.

फोन स्पीकरवर होता. आबांनी विचारलं, "गल्ल्यावर म्हंजे? युरियाची गोणी मिळते तसा?"

"तसाच, आजोबा. खेळाच्या सामानाच्या दुकानात. पैसे द्यायचे, कागद घ्यायचा."

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग समोरच्या रोहीकडे बोट दाखवत मला म्हणाले, "आन् ह्याचा कागद कुठं मिळतो ते इचार की त्याला."

त्या रात्रीपासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. रानातलं जनावर कुणाचं? आणि ते कुठल्या राज्यात उभं आहे यावरून त्याचं नशीब इतकं कसं काय बदलतं? मी वाचत गेलो आणि दर पानाला चकित होत गेलो.

आधी तो एल्क काय आहे ते पाहू, कारण नावापासूनच घोटाळा आहे. युरोपात ज्याला एल्क म्हणतात तो प्राणी वेगळाच, अमेरिकेत त्याला मूस म्हणतात. इंग्रज वसाहतवाले अमेरिकेत उतरले तेव्हा त्यांनी तिथलं एक भलंमोठं हरीण पाहिलं आणि आपल्याला माहीत असलेलं मोठ्या हरणाचं नाव त्याला देऊन टाकलं. तिथल्या शॉनी लोकांचा शब्द होता वापिटी, म्हणजे पांढऱ्या ढुंगणाचा. नाव ठेवावं तर असं. पळताना जे दिसतं तेच सांगणारं. रॉकी पर्वतातला पुरा वाढलेला नर तीनशे किलोंच्या घरात जातो. डोक्यावरची शिंगं दर वर्षी गळून पडतात आणि पुन्हा नव्यानं उगवतात. ऐन वाढीच्या दिवसांत दिवसाला दोन-अडीच सेंटिमीटर. प्राण्याच्या अंगावर इतक्या वेगानं वाढणारं हाड दुसरं क्वचितच असेल. सप्टेंबरात माजावर आलेला नर ओरडतो तो आवाज त्या देहाला अजिबात शोभत नाही. बासरी फुंकताना चुकून वरच्या सुरावर गेल्यासारखी बारीक, लांब शीळ.

आपला रोही या घराण्यातला नाही. मराठी निसर्गलेखकांनी यासाठी दोन सुंदर शब्द रूढ केले आहेत. ज्यांची शिंगं झडतात ते सारंगकुळातले: चितळ, सांबर, एल्क. ज्यांची शिंगं एकदा उगवली की आयुष्यभर तीच, ते कुरंगकुळातले: काळवीट, चिंकारा, रोही. रोहीची शिंगं म्हणजे वीतभराच्या आतले दोन काळे खुंट. भिंतीवर लावून मिरवावं असं त्यात काही नाही, आणि तरीही त्या शिंगांसाठी कुठे किती पैसे मोजतात ते पुढे सांगतो.

एल्कचा एक भाऊबंद मात्र आपल्याकडे आहे. काश्मीरच्या दाचीगाममधला हंगुल. अलीकडच्या गणनांमध्ये तो अडीचशे-तीनशेच्या आसपास भरला. दाचीगाम हे एकेकाळी डोगरा महाराजांचं राखीव शिकारीचं रान होतं. उत्तर अमेरिकेत आज सुमारे दहा लाख एल्क आहेत आणि इथला त्याचा भाऊ एका खोऱ्यात तग धरून आहे. पण अमेरिकेतही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एल्क संपत आला होता. एके काळी अंदाजे एक कोट असलेले प्राणी लाखाच्या खाली आले. मांसासाठी, कातड्यासाठी आणि, विश्वास बसणार नाही, दातांसाठी. एल्कच्या वरच्या जबड्यात हस्तिदंतासारखे दोन सुळे असतात. एका मोठ्या मंडळाच्या सभासदांमध्ये ते घड्याळाच्या साखळीला लटकवण्याची टूम निघाली आणि दोन दातांसाठी तीनशे किलोंचं जनावर रानात सडायला लागलं.

तिथून ते पुन्हा दहा लाखांवर आले त्यात परवान्यांचा मोठा वाटा आहे. बाजारात विकण्यासाठी शिकार बंद झाली, हंगाम ठरले, संख्या ठरली, आणि 1937 साली एक कायदा आला: बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटायचा. लांब बंदुकांवर अकरा टक्के. म्हणजे शिकारी जेवढा खर्च करणार तेवढं रान जगणार. आपल्याला हे उलटं वाटतं. मलाही वाटलं. पण हिशेब चालतो आहे हे नाकारता येत नाही.

आता मूळ प्रश्न: कुठल्या राज्यात? हे मला समजलं ते पिंगळीच्या रेल्वे स्टेशनामुळे. आपल्याकडे तिकीट दोन तऱ्हेचं. एक आरक्षणाचं, डबा आणि जागा ठरलेली, पण मिळेल तर मिळेल. दुसरं खिडकीवरचं जनरल. मागेल त्याला, मागेल तेवढी. जागा मिळेल याची हमी कुणी देत नाही. एल्कचे परवाने नेमके असेच आहेत. चांगल्या रानांचे परवाने मोजके, त्यांची सोडत. यंदा नंबर लागला नाही तर एक गुण तुमच्या खात्यात जमा होतो, पुढच्या वर्षी तुम्ही थोडे पुढे. काही रानांसाठी लोक वीस-वीस वर्षं गुण साठवत बसतात. पोरगं जन्मलं तेव्हा अर्ज केला आणि ते कॉलेजात गेल्यावर नंबर लागला, असलं वेटिंग.

आणि दुसरा तो गल्ल्यावरचा. कोलोराडो त्यासाठी नावाजलेलं, कारण सगळ्यात जास्त एल्क तिथंच, पावणेतीन-तीन लाख. बंदुकीच्या ठरावीक हंगामांत, ठरावीक रानांत, नराचा परवाना कुणालाही, कितीही जणांना. साहजिकच जनरल डब्यासारखीच गत होते. भाचा सांगतो, हंगामाच्या आदल्या रात्री डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर गाड्यांचे दिवे यात्रेसारखे दिसतात. पाच जण गेले तर एखाद्याच्या हाती शिकार लागते. सगळ्यांनी अंगावर झगझगीत नारिंगी घालायचं, ही सक्ती. हवं तर झगझगीत गुलाबी, 2016 पासून तीही मुभा आहे. एल्कला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, माणसाला मात्र कोसावरून दिसतो. माणसानं माणसाला मारू नये म्हणून ही भगवी वारी.

जनरल डबाही आता आखडत चालला आहे. 2025 पासून कोलोराडोनं बाहेरच्या राज्यांतल्या धनुर्धाऱ्यांना डोंगराळ पश्चिम भागासाठी गल्ल्यावर परवाना देणं थांबवलं. वायोमिंग राज्यात आणखी गंमत: जे रान कायद्यानं 'निर्मनुष्य' म्हणून राखलेलं आहे तिथं बाहेरच्या शिकाऱ्याला वाटाड्याशिवाय एल्कमागे जाता येत नाही. त्याच पायवाटेनं नुसता फिरायला गेला तर चालतं. हातात परवाना आला की तो वाट चुकेल, अशी सरकारला भीती.

बाहेरचा आणि घरचा हा भेद तर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मॉन्टाना राज्यात 1976 साली तिथल्या रहिवाशाला एल्कचा परवाना 9 डॉलरला मिळायचा. बाहेरच्याला एकट्या एल्कचा मिळतच नसे. सगळ्या प्राण्यांचा एकत्र घ्यावा लागे, 225 डॉलरचा, आणि तेही वर्षाला 17,000 जणांनाच. मिनेसोटा राज्यातले काही शिकारी आणि मॉन्टानातला एक वाटाड्या कोर्टात गेले: आम्ही एकाच देशाचे नागरिक ना? मग आम्हाला पंचवीसपट का? 1978 साली निकाल लागला, सहा विरुद्ध तीन. न्यायालय म्हणालं, पोटापाण्याचा धंदा असता तर गोष्ट वेगळी. एल्कची शिकार ही हौस आहे, आणि हौसेला राज्यानं परक्याला जास्त दर लावला तर देश मोडत नाही. कोलोराडोत आजही घरच्याला शंभर डॉलरच्या आत आणि बाहेरच्याला आठशेच्या वर. सहा महिने सलग राहिलं की माणूस घरचा होतो. माझा भाचा त्या हिशेबानं कोलोराडोचा घरचा आहे, डेन्व्हरात जन्मून टेक्सासला गेलेला त्याचा मित्र परका. पिंगळीच्या पोराला एल्क स्वस्त पडतो ही गोष्ट आबांना फार आवडली.

पण या सगळ्या वाचनात मला सगळ्यात जवळचं वाटलेलं प्रकरण हे एका शिडीचं आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ते एका दमात समजेल, कारण ते धुऱ्याचं भांडण आहे.

झालं असं. 1860 च्या दशकात अमेरिकेत पूर्वेकडून पश्चिमेकडे रेल्वे टाकायची होती. सरकारकडे पैसा नव्हता, जमीन होती. म्हणून रुळाच्या दोन्ही बाजूंना मैलभर लांब, मैलभर रुंद असे चौकोन आखले, प्रत्येकी 640 एकरांचे. एक चौकोन रेल्वे कंपनीला, त्याला लागून असलेला सरकारकडे, मग पुन्हा कंपनीला. अगदी बुद्धिबळाच्या पटासारखे. पुढे कंपनीनं आपले काळे चौकोन विकले, ते मोठमोठ्या रँचवाल्यांकडे गेले. पांढरे चौकोन जनतेचे राहिले. जनतेचे खरे, पण तिथं जायचं कसं? चारही बाजूंना दुसऱ्याची जमीन. एका पांढऱ्या चौकोनातून दुसऱ्या पांढऱ्या चौकोनात जायला एकच जागा: जिथं चार कोपरे एका बिंदूत मिळतात तो बिंदू.

वायोमिंगमध्ये एल्क माउंटन नावाचा डोंगर आहे. तिथं मिसूरी राज्यातले काही शिकारी 2020 साली एल्कसाठी गेले. कोपऱ्यावर पोचले तर तिथं मालकानं दोन खांब रोवून साखळी बांधलेली, आजूबाजूला कुंपण नसताना. त्यांनी खांबाला धरून अंग फिरवलं आणि पलीकडे गेले. पुढच्या वर्षी चौघं आले ते खास लोखंडी शिडी बनवून घेऊन. शिडीचे दोन पाय या पांढऱ्या चौकोनात, दोन त्या पांढऱ्या चौकोनात. चढायचं आणि उतरायचं. काळ्या चौकोनातल्या मातीच्या एका कणालाही पाय लागला नाही.

मालक कोर्टात गेला. त्याचं म्हणणं असं: माती नसेल लागली, पण कोपऱ्यावरून जाताना तुमचे खांदे माझ्या हवेतून गेले. जमीन माझी म्हणजे वरची हवाही माझी. लाखो डॉलरची भरपाई मागितली. फौजदारी खटल्यात 2022 साली ज्युरीनं चौघांना सोडलं, आणि दिवाणी दाव्यात मार्च 2025 मध्ये अपील न्यायालयानं शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. त्यासाठी न्यायाधीशांनी 1885 चा एक कायदा आधाराला घेतला. सरकारी रानाला कुंपण घालून लोकांना अडवायचं नाही, असं सांगणारा, गुराख्यांच्या भांडणांतून जन्मलेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं मालकाचं अपील ऐकायला नकार दिला. चार माणसांनी हवेतून टाकलेल्या एका पावलानं लाखो एकर सरकारी रानाची दारं उघडली.

हे सगळं मी आबांना सांगितलं तेव्हा त्यांना एल्कचं काही वाटलं नाही. ते एवढंच म्हणाले, "शिडी नेली ते बेस केलं. आमच्या खटल्यात आण्णानं बैलगाडी घातली आन् तीस वर्षं गेली."

आता टेक्सास. इथं मी खरोखर पुस्तक खाली ठेवून उठलो.

न्यू मेक्सिको आणि टेक्सास ही शेजारची राज्यं. न्यू मेक्सिकोत एल्क हा रानाचा मानाचा प्राणी; सोडत, हंगाम, मर्यादा, सगळं सोवळं. तोच एल्क चरत चरत सीमारेषा ओलांडून टेक्सासात गेला की कायद्याच्या पुस्तकात त्याची जात बदलते. टेक्सासच्या विधिमंडळानं 1997 साली एल्कला शिकारीच्या प्राण्यांच्या यादीतून काढलं आणि 'परदेशी पशुधन' या वर्गात घातलं. म्हणजे जवळपास गुरासारखा. हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. साधा शिकार परवाना आणि जमीनमालकाची परवानगी, बस. आणि टेक्सासात पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास जमीन खासगी, म्हणजे परवानगी विकत घ्यायची. सीमारेषेच्या अलीकडे तो जनतेचा, पलीकडे पाटलाचा.

त्या 'परदेशी पशुधना'च्या यादीत एल्कच्या शेजारी कोण असेल? आपला रोही. कायद्याच्या खात्यात तिथं एल्क आणि रोही एका दावणीला बांधलेले आहेत.

गेल्या शतकाच्या विशीत-तिशीत दक्षिण टेक्सासातल्या किंग रँचवर प्राणिसंग्रहालयातून रोही नेऊन सोडले. सव्वाआठ लाख एकरांची ती जहागीर. कोरडं हवामान, काटेरी झुडपं, गवत. रोहीला ते परभणी-हिंगोलीपेक्षा फार वेगळं वाटलं नसावं. वाघ नाही, बिबट्या नाही. आज तिथं तीस हजारांच्या वर रोही मोकळे फिरतात. काळवीटही नेले, 1932 पासून, आणि तेही हजारोंनी झाले. आणि तिथले शिकारी एका रोहीच्या नरासाठी हजारो डॉलर मोजतात. मुंडकं भिंतीवर जातं, मांस हॉटेलांत. ज्या जनावराला हाकलण्यासाठी आबा जानेवारीच्या थंडीत डबा बडवतात, त्याला पाहण्यासाठी नव्हे तर मारण्यासाठी लोक हरभऱ्याच्या दहा एकरांच्या उत्पन्नाएवढी रक्कम देतात.

तिथंही त्याला शत्रू मिळाले, नाही असं नाही. रोहीच्या अंगावरून गुरांच्या तापाची गोचीड फिरते, त्यामुळे पशुवैद्यकीय खातं त्याच्या मागे लागलेलं. त्यांच्या अभ्यासात एक गोष्ट दिसली: जाळीच्या कुंपणावरून उडी मारण्यापेक्षा रोही खालून वाकून जातो, आणि ठरलेल्या जागेतूनच जातो. म्हणून त्या भोकांपाशी आपोआप चालणारे फवारे बसवून पाहिले. रोही वाकला की अंगावर औषधी फवारा, गोचीड मारणाऱ्या सूक्ष्म जंतांचा. एका बाजूला गुरांच्या डॉक्टरांची ही फौज आणि दुसऱ्या बाजूला आबांचा डबा.

मग मी आपल्याकडे वळलो. भारतात रोहीची शिकार कुठल्या राज्यात करता येते, असा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि विचारू नये असाच कायदा आहे. पण उत्तर राज्याराज्यांत बदलतं हे इथंही खरं निघालं.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. पीक वाढवणारं घर आणि पीक खाणाऱ्याला वाचवणारा कायदा जुळी भावंडं म्हणायची. पण त्या कायद्यात सुरुवातीला शिकारीचे परवाने होते, मोठ्या शिकारीचा वेगळा, छोट्या शिकारीचा वेगळा, हे थोड्यांना ठाऊक असेल. गल्ला तेव्हा आपल्याकडेही उघडा होता. तो 1991 च्या दुरुस्तीनं बंद झाला. त्याही आधी, पन्नास-साठच्या दशकांत, उलटी वाहतूक होती. अमेरिकन शिकारी भारतातल्या कुठल्या रानात वाघ मिळेल याची चौकशी करत आणि त्यांना मध्य भारतातल्या जंगलात नेणाऱ्या कंपन्या होत्या. पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी तरुणपणी अशीच एक कंपनी काढली होती, ॲल्विन कूपर नावाची.

रोहीबाबत सगळ्यात मोठी ठिणगी पडली ती बिहारमध्ये. तिथं त्याला घोडपरास म्हणतात. डिसेंबर 2015 मध्ये केंद्रानं बिहारच्या काही जिल्ह्यांपुरता, एक वर्षापुरता, रोही आणि रानडुक्कर यांना 'उपद्रवी' ठरवलं. याचा अर्थ त्या जिल्ह्यांत तेवढ्या काळापुरतं कायद्याचं छत्र काढून घेतलं. मग जून 2016 मध्ये मोकामाच्या टाल भागात, गंगेकाठच्या सपाट शेतात, दोनशेहून जास्त रोही गोळ्या घालून मारले. नेमबाज कुठून बोलावले? हैदराबादहून. दिल्लीत दोन केंद्रीय मंत्री एकमेकांवर तुटून पडले: मनेका गांधी विरोधात, आणि बाजू मांडायला पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर. त्याच सुमारास उत्तराखंडात रानडुक्कर उपद्रवी, हिमाचलात माकडं उपद्रवी. केरळनं 2022 मध्ये रानडुकराबाबतचा अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षाकडे दिला. तिथं सरपंचच ठरवतो. गंगेच्या एका काठाला रोही उपद्रवी आणि जिल्ह्याची वेस ओलांडली की संरक्षित. न्यू मेक्सिको आणि टेक्सासपेक्षा हे कमी चक्रावणारं नाही.

आमच्या महाराष्ट्रात मधला मार्ग आहे. रोही संरक्षितच, आजच्या कायद्यात दुसऱ्या अनुसूचीत. पण पिकाची नासाडी होत असेल तर शेतकरी वनखात्याकडे अर्ज करू शकतो आणि अधिकारी रानडुक्कर किंवा रोही मारायची परवानगी देऊ शकतात. काळवीट मात्र पहिल्या अनुसूचीत, त्याला हात लावायचा नाही. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात परवाना मिळाला तरी बंदूक कुणाकडे आहे? अख्ख्या गावात एखादी, तीही निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. म्हणून बहुतेक जण दुसरी वाट धरतात, भरपाईची. वनरक्षक, तलाठी, कृषी सहायक येतात, पंचनामा होतो, फोटो निघतात.

आणि समजा परवानगीनं रोही मारलाच, तर त्याचं पुढे काय? कायद्याचं 39 वं कलम सांगतं की मारलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता. शेतकऱ्यानं तो न्यायचा नाही, खायचा नाही. पुरून किंवा जाळून टाकायचा. कोलोराडोत याच्या नेमकं उलट: खाण्याजोगं मांस रानात टाकून आलात तर तो गुन्हा. तिथं उचललं नाही म्हणून दंड, इथं उचललं म्हणून तुरुंग.

मालकीची ही गोष्ट अमेरिकेतही साधी नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1896 साली म्हटलं होतं की रानातली जनावरं राज्याच्या मालकीची. 1979 साली त्याच न्यायालयानं ते मागे घेतलं. कशावरून? ओक्लाहोमातले चिंगळ्यांएवढे मासे एका व्यापाऱ्यानं टेक्सासला नेले, त्या खटल्यावरून. न्यायालयानं मान्य केलं की मालकी ही आपण सोयीसाठी रचलेली कथा आहे. राज्य फार तर राखणदार. राखणदार म्हणजे जागल्या, आबांच्या भाषेत.

पिंगळीनं तर जागेवरून न हलता तीन राज्यं पाहिली आहेत. आबांच्या वडिलांनी शेत कसलं ते निजामाच्या हैदराबाद राज्यात. रुळही निजामाच्या काळातले, तेव्हा मीटरगेज. 1956 साली गाव मुंबई राज्यात गेलं, 1960 साली महाराष्ट्रात. रुळ रुंद झाले, सातबाऱ्यावरची भाषा बदलली, शिकारीचे नियम तीनदा बदलले. रोहीच्या पायवाटा बदलल्या असतील असं वाटत नाही.

भाच्याच्या मित्रांचं अखेर ठरलं. खूप तक्ते करून झाल्यावर ते कोलोराडोतच राहणार आहेत, दुसरा बंदुकीचा हंगाम, गल्ल्यावरचा परवाना. भाच्यानंही शिकारीचं शिक्षण देणारा वर्ग लावला आहे. 1949 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्या वर्गाच्या दाखल्याशिवाय सहसा परवाना नाही. बंदूक तो उचलणार नाही म्हणतो, ओझी वाहायला जाणार. बघू.

दुसऱ्या रात्री उजाडता उजाडता आबा मला शेताच्या ईशान्य कोपऱ्यावर घेऊन गेले. तिथं हद्दीचा दगड आहे. आमचा धुरा, शेजारच्याचा, पलीकडच्या भावकीचा आणि चौथा कॅनॉलच्या बाजूचा, चारही तिथंच मिळतात. साडी तिथं खालून फाटलेली, चिखलात खुरांचे ठसे. आणि दगडाभोवती लेंड्यांचा हा एवढा ढीग, जुन्या वाळलेल्या खाली, ताज्या वर. रोही रोज एकाच जागी येऊन बसतो. आबांनी चपलेच्या टोकानं ढिगातून एक रेघ ओढली, मग आडवी दुसरी. अंगठ्यानं चार वाटे दाखवले.

"तलाठी येईल दहाला," ते म्हणाले. "कुणाच्या नावावर लावायचा ह्याला?"